आमच्या साडूंचा कफ

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही माणूस चेहऱ्यावरून लक्षात ठेवलेला नाही. ते माणसं लक्षात ठेवतात ती त्यांच्या कफावरून. ‘जामखेडच्या लग्नात भेटलेले ते मास्तर’ असं सांगितलं तर ते कपाळाला आठ्या घालून नुसते बघत राहतात. शेवटी मी शरण जातो आणि म्हणतो, “अहो, ते नाही का, मांडवामागं जाऊन खाकरत होते, हिरवट पडत होता...” की लगेच त्यांचा चेहरा उजळतो. “आस्सं सांगा की पाव्हणं! पाकासारख्या तारा सुटत व्हत्या, तेच ना? बरे झाले का?” वाचणाऱ्यांपैकी कुणी ताटावर बसलं असेल तर त्यांनी आधी जेवण उरकून घ्यावं. मी त्यांच्याकडे गेली दहा वर्षं हे ऐकत जेवतो आहे, त्यामुळे मला आता काही वाटत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला आम्ही दोघं अक्का म्हणतो आणि त्यांना दाजी. दाजी माती परीक्षणाच्या सरकारी प्रयोगशाळेत होते. शेतकऱ्यांनी पिशवीतून आणलेली माती चिमटीत धरायची, बोटांवर चोळायची, उजेडाकडे धरून बघायची आणि वहीत लिहायची, हे त्यांनी उभी नोकरी केलं. त्या खात्यात त्यांचा दरारा होता असं ते सांगतात. एकदा कुणी शेजारच्या बांधावरची चांगली माती स्वतःची म्हणून आणली, तर दाजींनी नुसता वास घेऊन त्याला परत पाठवलं होतं म्हणे. “मानूस खोटं बोलंल, नमुना न्हाई बोलनार,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, कर्जतला गावाच्या कडेला घर बांधून राहिले, आणि माती यायची बंद झाली. बोटं मात्र शिवशिवत राहिली. पहिल्याच हिवाळ्यात त्यांना साधी सर्दी झाली, सकाळी उठून ते खाकरले, बेसिनमध्ये जे पडलं त्याच्याकडे त्यांनी सवयीनं वाकून बघितलं, आणि त्यांच्या आयुष्याला पुन्हा अर्थ आला.

सर्दी चार दिवसांत गेली. खोकला दाजींनी जाऊ दिला नाही. दुसऱ्याला खोकला येतो, दाजी तो काढतात. पहाटे पाचला सुरुवात होते. आधी नुसता घसा खरवडल्याचा आवाज, मग छातीच्या तळातून ओढून आणलेला एक लांब सूर, मग थोडी शांतता, आणि मग समाधानाचा “हां!” शेजारचे लोक या ‘हां’वर उठतात. त्यानंतर वही निघते. लांबट, सरकारी बांधणीची, निवृत्त होताना बहुधा तिकडूनच आणलेली. तिच्यात तारीख, वेळ, रंग, चिकटपणा, अंदाजे वजन असे रकाने आहेत. मातीच्या फॉर्मात ‘आधीचं पीक’ असा एक रकाना असतो, त्या जागी दाजींनी ‘आदल्या रात्रीचं जेवण’ लिहिलंय. रंगांची नावंही त्यांनी आपल्या रानातून घेतली आहेत. लिंबाच्या सालीचा, आंबिलीचा, काकवीचा. एका पानावर नुसताच शेरा आहे, ‘चुनखडीयुक्त. निचरा कमी.’

मोबाईल आल्यावर तर विचारूच नका. आमच्या नातेवाइकांचा एक ग्रुप आहे. सकाळी सगळे त्यावर उगवत्या सूर्याचे आणि गुलाबाचे फोटो टाकतात. दाजी बेसिनचा टाकतात. आकार कळावा म्हणून शेजारी रुपयाचं नाणं ठेवलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं, “शुभ सकाळ. आजचा.” आमची पुण्याची सून नवीन लग्न होऊन ग्रुपवर आली आणि तिसऱ्या दिवशी बाहेर पडली. दाजींना वाटलं तिचा फोन बिघडला असावा, म्हणून त्यांनी तिला तो फोटो वेगळा पाठवला.

एकदा आम्ही चौघं शिर्डीला गेलो होतो. दर्शनाला जाताना हार घ्यायला एका फुलवाल्याकडे थांबलो. दाजींनी झेंडूचं एक टपोरं फूल उचललं, उजेडात धरलं, माझ्याकडे वळले आणि पुरेशा मोठ्या आवाजात म्हणाले, “पाव्हणं, ह्यो रंग बघा. मंगळवारचा माझा हुबेहूब असा हुता.” फुलवाल्यानं त्यांच्या हातातून ते फूल काढून घेतलं. मागे उभ्या असलेल्या दोन बायका हार न घेताच पुढे गेल्या. आम्ही त्या दिवशी नुसतेच हात जोडून परत आलो.

आणखी एकदा त्यांना भाचीसाठी स्थळ बघायला जामखेडला पाठवलं होतं. त्यांच्यासोबत दुसरा कुणी शहाणा माणूस पाठवायला हवा होता, पण सुगीमुळे कुणी मोकळं नव्हतं. दाजी एक रात्र तिथं मुक्कामाला राहिले आणि परत येऊन त्यांनी अहवाल दिला. घर चांगलं, जमीन काळी, विहिरीला पाणी. “पन मुलाचा सुटत न्हाई. सकाळी मोरीत उभा ऱ्हाऊन ऐकलं मी. लई खटपट करतो, सुटत न्हाई. ज्याचा कफ आत ऱ्हातो, त्याचा राग बी आतच ऱ्हातो. पोरगी देऊ नका.” आणि खरोखरच दिली नाही. त्या मुलाचं आता दुसरीकडे चांगलं चाललंय असं ऐकतो. भाचीचा नवरा रोज घणघणीत खाकरतो, आणि रागही तसाच बाहेर काढतो.

डॉक्टरांनी त्यांच्यापुढे कधीच हात टेकले. गावातल्या एका तरुण डॉक्टरनं त्यांची छाती तपासून, फोटो काढून सांगितलं होतं, “काका, तुम्हाला काहीही झालेलं नाही. तुमची छाती माझ्यापेक्षा साफ आहे.” दाजी हा अपमान अजून विसरलेले नाहीत. “वरचा थर बघून जमीन सांगतोय त्यो,” असं ते त्या डॉक्टरबद्दल म्हणतात. डॉक्टरही कमी नाही. दाजींची स्कूटर फाटकाशी दिसली की तो मागच्या दारानं चहाला जातो.

त्यांच्याकडे मुक्कामाला जाणाऱ्याला एक नियम पाळावा लागतो. सकाळच्या चहाआधी पांढऱ्या वाटीत खाकरून दाखवायचं. जावई असो, व्याही असो, सुटका नाही. मी पहिल्यांदा खूप लाजलो होतो. आता मी दात घासावेत तसं ते उरकतो आणि वाटी पुढे करतो. माझ्याबद्दल दाजींचं मत फारसं चांगलं नाही. “पाव्हण्यांची जमीन हलकी हाय,” असं ते माझ्या बायकोला सांगतात, “पानी धरत न्हाई.”

या सगळ्या कारभारात अक्का कुठे असायची? मोरीत. बेसिन घासायला, वाट्या उकळायला, दाजींच्या वाफाऱ्याचं पाणी तापवायला, ओव्याची पुरचुंडी शेकायला, हळदीचं दूध करायला. दाजींच्या कफाचं सगळं श्रेय दाजींचं होतं आणि सगळी धुणीभांडी अक्काची. तिची तक्रार मात्र मी कधी ऐकली नाही. मध्यंतरी एकदा आम्ही गेलो असताना दाजी ओसरीवर आपल्याच छातीकडे कान लावून बसले होते. आत घरघर होतेय की शिट्टी वाजतेय हे त्यांना ठरवायचं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बारीक खोकण्याचा आवाज आला, पदर तोंडात धरून खोकल्यासारखा. दाजी चिडून म्हणाले, “अगं, मधीमधी खोकू नकोस गं! मला माझा आवाज ऐकू येईना.” आतला आवाज लगेच थांबला. आम्ही हसलो. मीसुद्धा हसलो.

गेल्या जानेवारीत आम्ही हुरड्याला गेलो. अक्का आगटीपाशी बसून कणसं चोळून देत होती आणि तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या. माझी बायको म्हणाली, “अक्का, किती वाळलीस गं.” अक्का म्हणाली, “वय झालं की आता. ह्या वयात काय अंग धरायचंय?” तेवढ्यानं आमचं समाधान झालं. मी शेंगदाण्याच्या चटणीत हुरडा बुडवून खात होतो आणि हुरडा फार कोवळा होता.

त्याच मुक्कामात दुपारी आशाताई आल्या. आरोग्य खात्याचं सर्वेक्षण होतं. त्यांनी दारातूनच विचारलं, “घरात कुनाला दोन आठवड्यांच्या वर खोकला हाय का?” दाजींच्या आयुष्यात हा प्रश्न कुणी आपण होऊन दारी येऊन विचारेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. “दहा वर्सं हाय!” ते म्हणाले आणि वह्या आणायला आत धावले. आशाताईंना बसवून, चहा देऊन त्यांनी पहिल्या वहीपासून सुरुवात केली. त्या बिचारीला अजून निम्मी वस्ती फिरायची होती. तिनं मध्येच घाईनं विचारलं, “आन् घरात दुसऱ्या कुनाला?” दाजी वहीतून मान वर न करता म्हणाले, “दुसऱ्या कुनाला काय न्हाई.” अक्का कपबशा न्यायला दारात उभी होती. तिनं त्या गोळा केल्या आणि ती आत गेली.

आशाताईंनी दाजींना प्लॅस्टिकच्या दोन डब्या दिल्या. एक आत्ताच भरून द्यायची, दुसरी उद्या सकाळी उठल्या उठल्या. “खोल खोकून काढा बरं का बाबा. नुसती थुंकी नको,” असं तिनं बजावलं, आणि दाजी दुखावले गेले. नुसती थुंकी, आणि तीही त्यांच्याकडून? पहिली डबी त्यांनी तिच्यासमोर अशी भरून दिली की ती बिचारी रस्त्यापर्यंत मागे वळून न बघता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोनऐवजी चार वाट्या मांडलेल्या होत्या. आम्हा दोघांच्या ठरलेल्या, एक दाजींची आणि एक अक्काची. “आज तू बी,” दाजी तिला म्हणाले. तिचा नंबर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लागत होता. ती जरा घुटमळली, मग मोरीत गेली आणि बराच वेळ खोकत राहिली. आम्हाला ते नेहमीचंच तपासणीचं काम वाटलं. आम्ही चहा घेतला आणि नगरची एसटी पकडली.

आता जरा मातीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. शेताची माती तपासायला एकाच जागची उचलून चालत नाही. आठ-दहा जागांची घ्यायची, सगळी एकत्र कालवायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचे पुन्हा चार करायचे, आणि शेवटी उरेल ती पिशवीत भरायची. म्हणजे मग तो नमुना अख्ख्या शेताचा होतो. एका जागच्या मातीवरून शेताबद्दल बोलणारा माणूस दाजींच्या लेखी अडाणी. तेव्हा एकट्या माणसाच्या कफावरून सरकार घराबद्दल काय समजणार, हा प्रश्न त्यांना रात्रभर पडला असणार. त्यांनी चारही वाट्या शास्त्राप्रमाणे एकत्र केल्या. चार भाग कसे पाडले ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. डबीवर त्यांनी आपलं नाव लिहिलं आणि ती स्वतः स्कूटरवरून सरकारी दवाखान्यात पोचवली.

चारेक दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज असा की घरात पाळणा हलला असावा. “पाव्हणं, घावलं! टीबीचं जंतू घावलं! दहा वर्सं बोंबलत हुतो, कुनी ऐकलं न्हाई!” त्या तरुण डॉक्टरला रिपोर्ट नेऊन दाखवायचा बेतही त्यांनी सांगितला. ग्रुपवर त्यांनी रिपोर्टचा फोटो टाकला. नाणं मात्र ठेवलं नव्हतं. काही जणांनी हात जोडले आणि एका काकांनी नीट न वाचताच अभिनंदन केलं.

मग दाजी गोळ्या आणायला गेले. तिथला तपासणीस कोड्यात पडला होता. पहिल्या डबीत काहीच नाही आणि दुसरीत जंतू, हे कसं? दाजींनी मोठ्या खुशीत खुलासा केला. “पहिला नुसता माझा हुता. दुसरा प्रातिनिधिक.” तपासणिसाला कळेना. “चौघांचा,” दाजी म्हणाले. “मी, ही, आन् पाव्हणं दोघं. सारखा कालवून घेतला.” तपासणिसानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाबा,” तो म्हणाला, “तुमच्या चौघात कुनाला तरी टीबी हाय. आन् कुनाला, ते तुमी कालवून टाकलंय.”

चौघांनी वेगवेगळे नमुने द्यायचे असं ठरलं. आमचे आम्ही नगरला दिले. निकाल येईपर्यंतचे ते दिवस मी विसरणार नाही. मला आजवर नसलेला खोकला सुरू झाला. बायकोनं माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर टाकला आणि मी तिचा पेला ओळखू यावा म्हणून त्याला दोरा बांधला. जेवताना कुणाला ठसका लागला की दुसरा खिडकी उघडायचा. आणि खोटं कशाला सांगू, तिसऱ्या दिवशी सकाळी मी बेसिनमध्ये वाकून रंग बघितला. बघितला एवढंच नाही, शेजारी रुपया ठेवून फोटो काढला आणि दाजींना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “यात काही नाही. पाण्यासारखा आहे.” तेवढ्यावर मला त्या दिवशी जेवण गेलं. ज्या माणसाची मी दहा वर्षं टिंगल केली, त्याच्या एका ओळीनं माझ्या जिवात जीव आला.

आमचे दोघांचे निकाल चांगले आले. मी दाजींना फोन लावायला मोबाईल हातात घेतला तोच त्यांचा आला. ‘पाव्हणं’ नाही, काही नाही. “हिचा हाय,” एवढंच म्हणाले आणि फोन तसाच हातात धरून बसले असावेत, कारण बराच वेळ मला त्यांच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या.

आम्ही लगेच कर्जतला गेलो. अक्का तोंडाला मास्क लावून ओसरीवर कोथिंबीर निवडत बसली होती. समोर दाजी दहा वर्षांच्या वह्या पसरून पानं उलटत होते. काय शोधत होते ते मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्या वह्यांत मी होतो, माझी बायको होती, व्याही होते, जामखेडचे मास्तर होते, वीजमीटर बघायला आलेला एक माणूससुद्धा होता. अक्का कुठेच नव्हती.

“कवापासनं हाय?” दाजींनी विचारलं.

“दिवाळीच्या आधीपासनं.”

“मग सांगायचं न्हाई व्हय?”

अक्का काडी काडी बाजूला काढत होती. रागावली वगैरे नव्हती. “तुमचाच खोकला घरात मावत न्हाई,” ती म्हणाली, “त्यात माजा कुठं काढू? येकदा खोकले, तर म्हनला, माजा आवाज ऐकू येईना.”

दाजींनी हातातली वही मिटली. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की त्या वह्या उचलून चुलीत टाकाव्यात असं वाटलं. पण तो राग फार टिकला नाही, कारण कोपरापर्यंत घसरलेल्या त्या बांगड्या मीही बघितल्या होत्या, आणि हुरडा खात राहिलो होतो. आणि त्या मास्तरांच्या कफाबद्दल जेवढं मी दाजींशी बोललो, तेवढं अक्काच्या तब्येतीबद्दल मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. आशाताईंच्या डबीत ते कालवलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार आमच्यापैकी कुणी मोठ्यानं केला नाही.

सहा महिने गोळ्या चालल्या. दाजींनी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर अक्काचं पूर्ण नाव लिहिलं. गोळी किती वाजता घेतली, भाकरी किती खाल्ली, खोकला किती वेळा, दर महिन्याला वजन. पहिल्याच आठवड्यात अक्कानं त्यांना हळूच बोलावून सांगितलं की लघवी केशरी होतेय. लग्नाला चाळीस वर्षं झाली, आपल्या अंगातला एखादा रंग तिनं नवऱ्याला पहिल्यांदाच सांगितला. दाजी अनवाणीच दवाखान्यात धावले. नर्स हसली आणि म्हणाली, “गोळीचा रंग हाय बाबा, भिऊ नका.” तेही वहीत आहे. बेसिन आता दाजी घासतात. वाट्या माळ्यावर गेल्या. पहाटेचा तो लांब सूर बंद झाला आणि शेजाऱ्यांना उठायला उशीर होऊ लागला. मी एकदा मुद्दाम विचारलं, “दाजी, तुमच्या खोकल्याचं काय?” ते म्हणाले, “असंल की कुठं तरी,” आणि अक्काचं दूध गाळायला निघून गेले.

अक्का बरी झाली. तिच्या बांगड्या आता मनगटाशीच अडतात. श्रावणात आम्ही जेवायला गेलो तेव्हा तिनं मिरचीची फोडणी दिली आणि तिला जोरदार ठसका लागला. पदर न धरता, चांगला घर दणाणेल असा. दाजी एका पायात चप्पल घालून अंगणातून धावत आले. “फोडणीचा हाय, फोडणीचा!” अक्का खोकता खोकता ओरडली. तरी ते पाण्याचा तांब्या घेऊन ती गप्प होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

ग्रुपवर अजूनही रोज सकाळी त्यांचा फोटो येतो. पांढरंशुभ्र घासलेलं, कोरडं बेसिन असतं. खाली लिहिलेलं असतं, “शुभ सकाळ. हिचा आज काही नाही.” पुण्याची सून परत ग्रुपवर आली आहे आणि त्याला रोज एक गुलाब पाठवते. मी पूर्वी दाजींचा फोटो दिसला की डोळे मिटून पुढे सरकवायचो. आता सगळ्यांत आधी तोच उघडतो.

परवा तो आला नाही. आठ वाजले, साडेआठ झाले. मला चहा गोड लागेना. शेवटी फोन लावला. दाजींनी पहिल्या घंटीलाच उचलला आणि अगदी दबक्या आवाजात बोलले.

“हळू, पाव्हणं. ती उठायची हाय आजून.”

“आत्तापर्यंत?” मी घाबरून विचारलं. अक्का त्या घरात कायम दाजींच्या आधी उठत आली आहे.

“व्हय. झोपलीय गाढ. उठल्यावर टाकतो फोटो.” मग म्हणाले, “श्वास साफ येतोय. कुठं घरघर न्हाई, काय न्हाई. कवाधरनं इथं बसून ऐकतोय मी.”